दूरच्या धूमकेतूचा माग: स्थान, तेज आणि कक्षा मोजताना कुठे चुकते

दूरच्या धूमकेतूची मोजमापे दुर्बीण लहान म्हणून चुकली, असे क्वचितच होते. एकाच अ‍ॅपर्चरने (चित्रात धूमकेतूभोवती आखलेल्या मोजमापाच्या वर्तुळाने) स्थानही काढायचे आणि तेजही, ही पहिली खोड. पृथ्वी जवळ गेली किंवा लांब सरकली म्हणून पडलेला फरक धूमकेतूच्या नावावर जमा करायचा, ही दुसरी. आणि चार रात्रींच्या नोंदींवरून कक्षेच्या आकड्यांपुढे पाच-पाच दशांश लिहायचे, ही तिसरी. खालचा क्रम या तिन्ही खोडी मोडण्यासाठी आहे. तो उलटसुलट करू नका. घड्याळाची तपासणी, उदाहरणार्थ, चित्रे काढून झाल्यावर करून काही उपयोग नसतो.

‘दूरचा’ म्हणजे इथे सूर्यापासून साधारण ४ खगोलीय एककांपलीकडचा (पुढे ख. ए.; १ ख. ए. म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर).

## १. लक्ष्य आणि साधने यांचा मेळ घाला

२०० मिमी व्यासाची दुर्बीण, बरे आकाश आणि अर्ध्या तासाचे एकूण एक्स्पोजर असेल, तर १७ ते १८ प्रतीपर्यंत हात पोचतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक). पहिला सराव १५–१६ प्रतीच्या लक्ष्यावर करा. २९पी/श्वासमान–वाखमान सरावाला उत्तम: तो सुमारे ६ ख. ए. अंतरावर जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरतो, म्हणून दरवर्षी सापडतो, आणि वर्षातून अनेकदा अचानक उजळतो. सी/२०१४ यूएन२७१ (बर्नार्डिनेली–बर्नस्टीन) मात्र सरावाचे लक्ष्य नाही. तो जानेवारी २०३१ मध्ये उपसूर्य बिंदूवर (कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागी) येईल, तेव्हाही जवळजवळ ११ ख. ए. दूरच असेल.

कॅमेरा आणि दुर्बीण जुळतात का, हे आधी कागदावर पाहा:

एका पिक्सेलमधले आकाश (विकलांत; १ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) = २०६.२६५ × पिक्सेलचा आकार (मायक्रॉन) ÷ नाभीय अंतर (मिमी)

३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ८०० मिमी नाभीय अंतर असेल, तर उत्तर ०.९७ विकला. ताऱ्याची रुंदी (सॉफ्टवेअर एफडब्ल्यूएचएम नावाने दाखवते ती) ३ विकला असली की तारा तीन पिक्सेलांवर पसरतो. हे योग्य. याच जोडणीत २×२ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक) केले की तारा दीड पिक्सेलात मावतो आणि स्थानाची अचूकता जाते. फाइली कायम फिट्स (मोजलेले आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या) स्वरूपातच ठेवा. जेपीजी मोजमापाला निरुपयोगी.

निरीक्षणस्थळाचे अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जीपीएसवरून टिपून ठेवा. पृथ्वीच्या केंद्रावरून आणि तुमच्या जागेवरून दिसणाऱ्या स्थानात ८.८ ÷ (ख. ए. मधले अंतर) विकलांपर्यंत फरक पडतो. ५ ख. ए. वर तो पावणेदोन विकलांपर्यंत जातो. ही चूक काही रात्री दिसते, काही रात्री नाही, म्हणून शोधायला फार छळते.

## २. घड्याळ, चित्रांच्या आधी

संगणकाचे घड्याळ एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी व्यवस्था) किंवा जीपीएसवरून जुळवा आणि रात्रभर दर काही मिनिटांनी आपोआप जुळत राहील असे ठेवा. सगळी नोंद जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत. कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर फाइलच्या हेडरमध्ये एक्स्पोजरच्या सुरुवातीची वेळ लिहिते की शेवटची, हे एक लांब आणि एक छोटे एक्स्पोजर घेऊन स्वतः पडताळा. मोजमापाला लागते ती मध्याची वेळ.

सावधान: दूरचा धूमकेतू घड्याळाची चूक लपवतो. तो मिनिटाला ०.३ विकला सरकत असेल, तर पूर्ण मिनिटाची चूकही आकाशात ०.३ विकलाच दिसते आणि मोजमापाच्या गोंधळात विरून जाते. म्हणून घड्याळ धूमकेतूवर तपासू नका. पृथ्वीजवळून जाणारा, मिनिटाला ३० विकला वेगाचा लघुग्रह निवडा. तिथे एका सेकंदाची चूक अर्धी विकला होऊन समोर येते.

तपासणी: अशा लघुग्रहाच्या मोजलेल्या आणि अपेक्षित स्थानांतला फरक गतीच्या दिशेनेच येत असेल, तर दोष घड्याळाचा. तो सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

## ३. स्थानतक्ता काढा

मायनर प्लॅनेट सेंटर किंवा जेपीएल होरायझन्स या संकेतस्थळांपैकी कुठूनही तारीखवार स्थानतक्ता काढा. निरीक्षणस्थळ स्वतःचे द्या. ५०० हा संकेतांक पृथ्वीकेंद्राचा आहे, तो राहून गेला की वर सांगितलेली चूक होते. तक्त्यात विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), सूर्यापासूनचे अंतर, पृथ्वीपासूनचे अंतर, इनांतर (आकाशात सूर्यापासूनचा कोन), कलाकोन (धूमकेतूवरून दिसणारा सूर्य-पृथ्वी कोन), गती आणि गतीची दिशा एवढे हवे.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिले, निर्देशांक जे२००० चेच (२००० सालच्या आकाश-चौकटीवर बेतलेले) घ्या. ‘त्या दिवसाचे’ निर्देशांक घेतले, तर संपातचलनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ घुमण्यामुळे, वर्षाला सुमारे ५०.३ विकला) २०२६ मध्ये सुमारे २२ कलांचा (१ कला म्हणजे ६० विकला) फरक पडतो. लहान कॅमेऱ्याच्या चौकटीतून धूमकेतूच निसटतो.

दुसरे, गतीचे एकक. मायनर प्लॅनेट सेंटर सहसा विकला प्रति मिनिट देते, होरायझन्स विकला प्रति तास. साठपट चुकीच्या गतीने केलेल्या स्टॅकमध्ये (अनेक चित्रे एकमेकांवर रचून केलेल्या चित्रात) काहीच दिसत नाही, आणि मग ‘धूमकेतू मंदावला’ अशी नोंद होते.

तिसरे, विषुवांशातली गती क्रांतीच्या कोज्येने गुणलेली आहे की नाही, ते पाहा. ६० अंश क्रांतीवर हा फरक बरोबर दुप्पट असतो. एकूण गती आणि दिशाकोन (उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला) वापरलात, तर हा प्रश्नच उरत नाही.

चौथे, प्रकाशाचा प्रवासकाळ. ६ ख. ए. वरून प्रकाश यायला सुमारे ५० मिनिटे लागतात, पण तक्त्यात तो हिशोब आधीच धरलेला असतो. स्वतः पुन्हा वजा करू नका.

संगणकावरच्या आकाशदर्शक प्रोग्रामने काही महिन्यांपूर्वी उतरवलेले कक्षाघटक (कक्षेचा आकार आणि दिशा सांगणारे आकडे) वापरू नका. कक्षाघटक एका ठरावीक दिवसापुरते नेमके असतात. त्या दिवसापासून लांब गेलात आणि प्रोग्राम गुरू-शनीची ओढ धरत नसेल, तर स्थान सरकत जाते.

## ४. चित्रण

एका फ्रेमच्या कालावधीची मर्यादा सोपी आहे: ताऱ्याची रुंदी भागिले गती. ३ विकला भागिले ०.३ विकला प्रति मिनिट, म्हणजे १० मिनिटे. व्यवहारात त्याच्या निम्म्याखालीच राहा. ६० ते १२० सेकंदांच्या फ्रेम उत्तम, कारण एखादी फ्रेम वाऱ्याने किंवा उपग्रहाच्या रेघेने गेली तरी थोडेच वाया जाते. गतीचा अंदाज असावा म्हणून: प्रतियुतीच्या (धूमकेतू आकाशात सूर्याच्या समोरासमोर असण्याच्या) सुमारास ५ ख. ए. वरचा धूमकेतू मिनिटाला सुमारे ०.३ विकला सरकतो, १० ख. ए. वरचा सुमारे ०.२. वक्री-मार्गी होण्याच्या वेळी गती जवळजवळ शून्यावर येते. त्या आठवड्यात धूमकेतू गतीवरून ओळखण्याच्या भरीस पडू नका.

डार्क (झाकण लावून घेतलेली चित्रे) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची चित्रे) रोजचे हवेत. फ्लॅट का, ते तेजाच्या टप्प्यात कळेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

तपासणी, त्याच रात्री: मंद धूमकेतूखाली एखादा अंधूक तारा असला, तर तो तासभर तिथेच चिकटून राहतो. मिनिटाला ०.२ विकला या गतीने १० विकला सरकायला ५० मिनिटे लागतात. पॅनस्टार्स किंवा डीएसएस सर्वेक्षणाचे त्याच जागेचे चित्र शेजारी ठेवून पाहा. तारा असला, तर त्या रात्रीची तेजाची नोंद टाकून द्या आणि दुसऱ्या रात्री या.

## ५. स्थान मोजणे

१. प्रत्येक फ्रेमवर डार्क आणि फ्लॅटचा संस्कार करा. मग अ‍ॅस्ट्रोमेट्रिका किंवा टायको ट्रॅकर या सॉफ्टवेअरमध्ये गाया उपग्रहाच्या तारा-कॅटलॉगशी प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जुळवा. जुन्या यूएसएनओ कॅटलॉगांत विकलेच्या दशांशांच्या पद्धतशीर चुका होत्या, ते वापरायचे आता काही कारण नाही. जुळणीतला सरासरी फरक ०.२ ते ०.३ विकलांच्या आत हवा.

२. धूमकेतूच्या गतीने स्टॅक करा. रात्रीच्या सगळ्या फ्रेमचा एकच स्टॅक करू नका. ६० सेकंदांच्या ४५ फ्रेम असतील, तर १५–१५ चे तीन स्टॅक करा, म्हणजे तीन स्वतंत्र स्थाने मिळतात आणि वस्तू खरोखर सरकते आहे हेही दिसते. मधल्या फ्रेम टाकल्या असतील, तर स्टॅकची वेळ म्हणजे उरलेल्या फ्रेमच्या मध्यवेळांची सरासरी. पहिली आणि शेवटची वेळ घेऊन मध्य काढू नका.

३. अ‍ॅपर्चर लहान ठेवा, त्रिज्या ताऱ्याच्या रुंदीच्या आसपास. केंद्र सर्वांत तेजस्वी ठिपक्यावर बसले पाहिजे. मोठ्या अ‍ॅपर्चरमध्ये कोमा (केंद्रकाभोवतीचा धूळ-वायूचा ढग) आणि शेपटी शिरतात आणि केंद्र शेपटीकडे ओढले जाते. धूमकेतूंच्या स्थानमापनातली ही सर्वांत सामान्य चूक. ती प्रत्येक रात्री एकाच दिशेला होते, म्हणून सरासरी काढूनही जात नाही.

४. अनिश्चितता लिहा: ताऱ्याची रुंदी ÷ (२.३५ × संकेत-गोंधळ गुणोत्तर). हे गुणोत्तर म्हणजे वस्तूचा प्रकाश मोजमापातल्या गोंधळाच्या किती पट आहे ते. रुंदी ३ विकला आणि गुणोत्तर १० असेल, तर सुमारे ०.१३ विकला. गुणोत्तर ५ च्या खाली असेल, तर ते स्थान कोणालाही पाठवू नका.

तपासणी: त्याच चौकटीत किंवा जवळपास, तेवढ्याच प्रतीचा एखादा क्रमांकित लघुग्रह शोधून मोजा. त्याची कक्षा पक्की असते. तो जुळला नाही, तर धूमकेतूही जुळणार नाही.

## ६. तेज मोजणे: इथे सर्वांत जास्त फसगत

स्थानासाठी वापरलेले अ‍ॅपर्चर आता विसरा. त्यातून मिळते ती केंद्रकाजवळची प्रत, आणि धूमकेतूची एकूण प्रत तिच्याहून दोन-तीन प्रतींनीही उजळ असू शकते. दोन्ही आकडे ‘प्रत’ याच नावाने एका आलेखात टाकले, की उद्रेक झाल्यासारखा दिसतो. नोंदीत कोणती प्रत ते प्रत्येक वेळी लिहा.

अ‍ॅपर्चर किलोमीटरमध्ये ठरवा. १ ख. ए. वर १ विकला म्हणजे ७२५ किमी, ५ ख. ए. वर ३,६२६ किमी. ४०,००० किमी त्रिज्या ठरवली, तर ५ ख. ए. वर ती ११ विकला होते आणि ७ ख. ए. वर ७.९ विकला. त्रिज्या ताऱ्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट राहील अशी निवडा, नाहीतर हवेच्या थरथरीनुसार तेज बदलते.

हे कशाला करायचे? स्थिर गतीने धूळ सोडणाऱ्या धूमकेतूच्या कोमाचे तेज केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरते. म्हणून अ‍ॅपर्चर विकलांत कायम ठेवले आणि धूमकेतू लांब गेला, तर त्याच वर्तुळात कोमाचा जास्त भाग येतो. मग तेज अंतराच्या वर्गाने घटत नाही, नुसत्या अंतराने घटते. ५ वरून ७ ख. ए. वर जाताना एकूण तेज ०.७३ प्रतीने उतरायला हवे, पण ठरावीक विकलांच्या अ‍ॅपर्चरमध्ये ते ०.३७ प्रतीनेच उतरते. त्यावर नेहमीचे अंतराचे गणित लावले, की ०.३७ प्रतीची खोटी वाढ हातात येते.

पार्श्वभूमी. सॉफ्टवेअर अ‍ॅपर्चरभोवतीच्या कड्यातून आकाशाचे तेज काढते. ते कडे कोमातच पडले, तर धूमकेतूचाच प्रकाश धूमकेतूतून वजा होतो. कडे कोमाच्या स्पष्ट बाहेर घ्या किंवा बाजूचे तारेरहित तुकडे निवडा. चूक केवढी होते ते पाहा: आकाश प्रति चौरस विकला २० प्रतीचे आणि अ‍ॅपर्चरची त्रिज्या ३० विकला असेल, तर अ‍ॅपर्चरमधले नुसते आकाश ११.४ प्रतीचे होते. १५ प्रतीचा धूमकेतू त्याच्या साडेतीन टक्के. म्हणजे आकाश एका टक्क्याने चुकले, तर धूमकेतू सुमारे २८ टक्क्यांनी, जवळजवळ ०.३ प्रतीने चुकतो. एक टक्क्याचा उतार वाईट फ्लॅटमधून सहज येतो.

तुलनेचे तारे. सूर्यासारख्या रंगाचे घ्या (बी–व्ही, म्हणजे निळ्या आणि हिरवट-पिवळ्या फिल्टरमधल्या प्रतींचा फरक, ०.५ ते ०.८), कारण दूरच्या धूमकेतूचा प्रकाश बहुतांश धुळीवरून परावर्तित सूर्यप्रकाशच असतो. याच कारणाने दूरच्या लक्ष्याला आर (लाल) फिल्टर चांगला चालतो. फिल्टर नसेल, तर गायाच्या जी प्रतींशी तुलना करा आणि तसे लिहा. बिनफिल्टरच्या चित्राला व्ही प्रती लावल्या, तर ताऱ्यांच्या रंगानुसार उत्तर हलते. किमान दहा तारे घ्या, आणि त्यांतला एकही संपृक्त (पिक्सेल काठोकाठ भरलेला) नको.

स्टॅक सरासरीने किंवा टोकाची मूल्ये गाळून केलेल्या सरासरीने करा. मध्यकाने ताऱ्यांच्या रेघा छान पुसल्या जातात, पण कोमाचे तेज विश्वासार्ह राहत नाही.

मग भूमिती काढून टाका. मोजलेल्या प्रतीतून ५ × लॉग(पृथ्वीपासूनचे अंतर) वजा करा (लॉग १० पायाचा, अंतर ख. ए. मध्ये). ही पायरी गाळणाऱ्यांची संख्या बघून आश्चर्य वाटते. ६ ख. ए. वरचा, काहीही न बदललेला धूमकेतू वर्षभरात ५ ते ७ ख. ए. असा जवळ-दूर होतो आणि नुसता त्यामुळे ०.७३ प्रतीचा झोका घेतो. तो ‘सक्रिय झाला’ असे म्हणण्याआधी हा झोका काढलेला असला पाहिजे. कलाकोनाचा परिणाम लहान असतो, १० ख. ए. वर कोन ५.७ अंशांपलीकडे जातच नाही.

उरलेली प्रत सूर्यापासूनच्या अंतराच्या लॉगसमोर मांडा. बिंदू सरळ रेषेत आले, तर तिचा चढ म्हणजे २.५ × न आणि लॉग शून्य असताना मिळते ती निरपेक्ष प्रत (सूर्य आणि पृथ्वी दोन्हींपासून १ ख. ए. वर धरलेली). ‘न’ हा धूमकेतू सूर्याकडे येताना किती झपाट्याने उजळतो याचा घातांक. रेषेपासून एकच बिंदू अर्ध्या प्रतीने वर उडाला, तर आधी खालचा तारा, ढग आणि फ्लॅट तपासा. लागोपाठ दोन रात्री दिसला तरच उद्रेक म्हणा.

## ७. कक्षा बसवणे

फाइंड-ऑर्ब हे सॉफ्टवेअर या कामाला पुरते. आधी मायनर प्लॅनेट सेंटरवरची त्या धूमकेतूची प्रकाशित स्थाने भरा, कक्षा बसवा, आणि त्यानंतरच स्वतःची स्थाने घाला. असे केले की तुमचे अवशेष, म्हणजे मोजलेले वजा अपेक्षित, लगेच उघडे पडतात. अवशेषांची दिशाच दोष सांगते:

- गतीच्या दिशेने मागे-पुढे: घड्याळ, किंवा स्टॅकच्या मध्यवेळेची चूक.
- शेपटीच्या दिशेने, दर रात्री: अ‍ॅपर्चर मोठे आहे.
- रात्र चढेल तसे सरकत जाणारे: स्थळाचे अक्षांश-रेखांश किंवा संकेतांक.
- एका रात्रीपुरते, वाटेल त्या दिशेला: खाली तारा होता किंवा जुळणी फसली.

मोठा अवशेष दिसला म्हणून नोंद पुसू नका. आधी कारण शोधा. कारण न सापडता पुसलेली नोंद म्हणजे कक्षेला हवे ते उत्तर द्यायला लावणे.

फक्त स्वतःच्या नोंदींवरून कक्षा काढायची असेल, तर तीन स्थाने गणिताला पुरतात, पण दूरच्या धूमकेतूला नाही. काही रात्रींत तो आकाशात इतका थोडा सरकतो, की ‘जवळचा आणि हळू’ व ‘लांबचा आणि जलद’ अशा अनेक कक्षा त्याच बिंदूंतून जातात. म्हणून क्रम असा ठेवा:

१. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती लांबट, याचा आकडा) १ धरून, म्हणजे अन्वस्त गृहीत धरून, बाकीचे घटक काढा: उपसूर्य अंतर, उपसूर्याची वेळ, कक्षेचा कल, आरोही पात, उपसूर्याचा कोन.

२. नोंदी दोन-तीन महिन्यांच्या झाल्या, की उत्केंद्रता मोकळी सोडा. अवशेषांची सरासरी लक्षणीय कमी झाली, तरच नवे उत्तर ठेवा.

३. प्रत्येक घटकासोबत अनिश्चितता छापा आणि तिच्यापलीकडचे दशांश कापून टाका. उपसूर्याची वेळ महिन्यांनी अनिश्चित असताना तास-मिनिटे लिहिणे हास्यास्पद.

४. वायूच्या झोताने पडणाऱ्या बलाचे घटक बंदच ठेवा. छोट्या कालावधीत ते चालू केले, तर तुमच्या मोजमापातल्या चुका गिळून टाकतात आणि अवशेष खोटे सुंदर दिसतात.

सावधान: उत्केंद्रता १.०००३ आली (एकाच्या वर म्हणजे सूर्याला न बांधलेली कक्षा) म्हणून तो दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला ठरत नाही. ग्रहमालेच्या टोकाकडच्या ऊर्ट मेघातून येणाऱ्या धूमकेतूंची सूर्यकेंद्री उत्केंद्रता ग्रहांच्या ओढीने एकाच्या किंचित वर जातच असते. मूळ कक्षा बघायची, तर ग्रहमालेच्या वस्तुमानकेंद्राभोवती आणि ग्रहांच्या पट्ट्यात शिरण्याआधीची काढावी लागते. खऱ्या पाहुण्यांचे आकडे निराळेच असतात: ओउमुआमुआ १.२, बोरिसोव्ह ३.३६, ३आय/अ‍ॅटलास ६ च्या वर.

## ८. पुढच्या तेजाचा अंदाज

सूत्र असे: एकूण प्रत = निरपेक्ष प्रत + ५ × लॉग(पृथ्वीपासूनचे अंतर) + २.५ × न × लॉग(सूर्यापासूनचे अंतर).

बहुतेक तक्ते माहिती अपुरी असताना न = ४ धरतात. समजा ६ ख. ए. वर, पृथ्वीपासून ५ ख. ए. असताना, १६.३ प्रत मोजली. हाच धूमकेतू सूर्यापासून १.५ आणि पृथ्वीपासून १ ख. ए. वर आला, की न = ४ धरून ६.८ प्रत येते, न = ३ धरून ८.३, आणि न = २ धरून ९.८. मोजमाप एकच, पण उत्तरांत तीन प्रतींचा, म्हणजे सुमारे सोळा पटींचा फरक. त्यात भर अशी, की दूर असताना कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड धूळ उडवतात, तर पाण्याचे बर्फ जोरात उडू लागते ते साधारण ३ ख. ए. च्या आत. तिथे ‘न’ स्वतःच बदलतो. म्हणून एकच आकडा लिहू नका. न = २ आणि न = ४ ची दोन टोके लिहा, आणि ३ ख. ए. ओलांडल्यावर आधीची रेषा सोडून नवी सुरू करा.

धूमकेतू दरवर्षी काही महिने सूर्यामागे दडतो. तो परत दिसू लागला, की आधी ताजे कक्षाघटक घ्या, घड्याळ पुन्हा तपासा, आणि तेच किलोमीटरमधले अ‍ॅपर्चर नव्या अंतरानुसार विकलांत बदलून घ्या. पहिल्या दोन रात्री इनांतर कमी आणि धूमकेतू क्षितिजाजवळ असेल, तर तुलनेचे तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे निवडा. या दोन रात्री जुन्या आलेखावर वेगळ्या खुणेने मांडा, आणि तिसरी-चौथी रात्र जुळली की मगच रेषा जोडा.